शिरीषचं चालत्या गाडीतलं इंग्लंड

आमच्या शिरीषला गाडीत बसून कधी काही दाखवायला जाऊ नका. दहा वर्षं लीड्सला काढून तो इथे न्यूझीलंडला आला, आणि त्याच वर्षी आम्ही ऑकलंडहून हॅमिल्टनला निघालो. गाडी त्याची, चालवत तोच. शेजारी त्याची बायको मेधा, मागे मी.

वाटेत हंटली लागलं. उजवीकडे नदी आणि पलीकडे वीजकेंद्राची दोन उंच धुराडी. मी म्हटलं, "बघ रे, काय मस्त दिसतंय!"

"ह्या काड्या? अरे, आमच्या एम-वनवर शेफील्डपाशी रस्त्याला खेटून दोन कूलिंग टॉवर होते. एम-सिक्स्टीटूवर तर मोटरवेच्या मधोमध शेतघर! आणि न्यूकॅसलकडे जाताना तो देवदूताचा लोखंडी पुतळा, पंख पसरून उभा…"

"जवळून कसा दिसतो?" मी भाबडेपणाने विचारलं.

उत्तर मेधाने दिलं. "जवळ गेलंय कोण? थांबलं की ह्याला उशीर होतो. दहा वर्षं दशम्यासुद्धा मी ह्याला चालत्या गाडीत भरवल्या. देवदूताचे सात फोटो आहेत आमच्याकडे. सातही फोटोंत ह्याचा कान आहे."

मला वाटलं, शिरीषच्या वर्मी लागलं. म्हटलं, "मग इथे तरी थांबव. नदीकाठी उतरून नीट फोटो काढू दे तिला."

"थांबायचं कशाला?" असं म्हणून त्याने मोठ्या मनाने आपल्या बाजूची काच खाली केली. "हं, काढ पटकन."

परवा मेधाने तो फोटो दाखवला. धुराडं एकच आलंय. दुसऱ्याच्या जागी कान आहे.