फाटक्या पडद्याचा आवाज

अध्यक्षमहाराज, आणि वणी, नेर, कळंबहून ट्रक भरून आलेल्या मंडळींनो,

बँजोवाले उस्मानभाई जाऊन आज नऊ दिवस झाले. मला बोलायची सवय नाही. आवाज मोठा करणं हे माझं काम, आणि तो नेहमी दुसऱ्याचा असतो. मी नलिनी. नागपूरहून रेडिओचा डिप्लोमा करून आले आणि इथल्या लाउडस्पीकरच्या दुकानात लागले. पाच वर्षं उस्मानभाईंचा ॲम्प्लिफायर मी सांभाळला. स्टेजच्या मागे, बॅटरीजवळ बसणारी बाई आठवते का कुणाला? नसेल आठवत. तिकडे बघायचं कारणच नव्हतं.

मघापासून तुमची भाषणं ऐकते आहे. एकजण म्हणाला, ते माझ्या ताटात जेवायचे. एकजण म्हणाला, माझा पाठचा भाऊच होता. नेरच्या एका बाईंनी तर त्यांच्या शर्टाची बाही जपून ठेवली आहे. बाही! खरं सांगते, मला रडू आलं नाही. हेवा वाटला. तुम्हा सगळ्यांना ते 'मेरी जान' म्हणायचे. मला म्हणायचे 'ताई'.

तुम्ही प्रेम केलंत, मान्य आहे. पण दर कार्यक्रमाला बाटली कोण पाठवायचं? तीही प्रेमानंच ना? ते अंगात ताप घेऊन वाजवायचे. ट्रकच्या टपावर झोपायचे. कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आता एक थेंबही नको. मीही बजावलं. तर मला म्हणाले, "ताई, लोक येवढ्या प्रेमानं देते, नाही कसं म्हनू? वाईट वाटते त्याइले." मला वाईट वाटेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

आता त्यांच्या बँजोच्या गुरगुरीबद्दल. जिच्यावर तुम्ही टोप्या उडवल्यात, ती. कुठून आली ती, माहीत आहे?

वणीला जाताना ट्रकमधला जॅक घसरला आणि स्पीकरच्या कागदी पडद्यात घुसला. पडदा फाटला. मला कळलं ते स्टेजवर पहिला सूर निघाला तेव्हा. बँजो वाघासारखा गुरगुरत होता. मी शरमेनं मान खाली घातली. आणि तुम्ही? तुम्ही खुर्च्यांवर चढलात. "अजून होऊ दे, उस्मान! अजून होऊ दे!"

परत आल्यावर मी पातळ कागद आणि खळ घेऊन पडदा सांधला. शिकले होते तसाच, नीट. पुढचा कार्यक्रम कळंबला. त्यांनी तार छेडली, आवाज स्वच्छ आला आणि सगळं मैदान गप्प. मागून कुणीतरी ओरडलं, "काहून बे उस्मान, उपाशी आहे का आज?" ते तसेच उठून माझ्याकडे आले.

"ताई, काय केलं तुम्ही?"

"दुरुस्त केला."

"अवं, कायले? खराब करून द्या ना!"

माझ्या धंद्यात असा हुकूम कुणाला मिळत नाही. मी जुने पडदे जमवले, ब्लेडनं कापून पाहिले. पाऊण इंचाची चीर, आवाज नुसता घोगरा. दोन इंचांची, नुसती खडखड. सव्वा इंचाची, काठापासून अर्धा इंच आत, आणि तुमचे उस्मानभाई बोलायला लागले. तुम्ही त्या आवाजाला त्यांचं काळीज म्हणता. असेल. चीर माझी होती. हे सांगायला त्यांनी मला कधी पुढे बोलावलं नाही, आणि मी आपणहून गेले नाही.

आज शेवटी त्यांचा शागीर्द प्रभाकर त्यांच्याच स्पीकरच्या पेटीवर, त्यांचाच बँजो वाजवणार आहे. हे मला परवा कळलं. काल दुपारी मी पेटी उघडली, तो स्पीकर काढला आणि कोरा स्पीकर बसवला.

का? प्रभाकर वाजवेल, आवाज गुळगुळीत येईल, तुम्ही डोळे पुसाल आणि म्हणाल, उस्मान गेला, आवाजही संगं घेऊन गेला. आणि तो आवाज माझ्या घरी, माझ्या ट्रंकेत राहील. तुमच्यापैकी कुणाकडे नसलेलं काहीतरी मला हवं होतं.

आज सकाळी प्रभाकर बँजो लावून बघायला आला. त्यानं दोन तारा छेडल्या आणि थांबला. पेटीकडे त्यानं पाहिलंच नाही. स्वतःची बोटं बघत राहिला. म्हणाला, "नलूताई, माह्या हातातच नाही वाटते ते. आज वाजवतो अन् मंग ठेवून देतो." मी तशीच घरी गेले, ट्रंक उघडली आणि स्पीकर घेऊन आले. या पिशवीत आहे.

प्रभाकर, तुझ्या बोटांत काही खोट नाही. खोट मी केली होती. तुझं वाजवणं माझ्यामुळे बंद पडावं, एवढा माझा हेवा मोठा नाही. पण तो गेलाही नाही. हे लोक तुझ्यासाठी खुर्च्यांवर चढतील तेव्हा मी बॅटरीकडेच बघत बसेन.

मंडळी, श्रद्धांजलीला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची रीत आहे. मला पेटीचे चार नट आणि दोन वायरी सोडवून हा स्पीकर पुन्हा बसवायचा आहे. ते दोन मिनिटांत होत नाही. उस्मानभाईंसाठी आपण पाच मिनिटं उभे राहू या. मधे पान्याचा आवाज होईल, तेवढा चालवून घ्या.