आठ वेळा बसवलेला गुडघा

(बाळकुम. कबड्डीचं मैदान. पोपट हा मुलींच्या संघाचा कोच. गावात हाडंही तोच बसवतो.)

काळुराम : तेलाची वाटी ठेव खाली, पोपट. आज तुला एक गोष्ट सांगतो. मधी तोंड उघडायचं नाय.

पोपट : सांगा की काका. पण बसा तरी. एवढे तापलात कशाला?

काळुराम : बसायला नाय आलो. एक पोरगी हाय, चौदा वर्षांची. चढाईला गेली की तिघींना बाद करूनच यायची...

पोपट : आपली कल्पिता.

काळुराम : गप! तिचा गुडघा दुखायला लागला. तिचा अडाणी आजा, म्हणजे मीच, तिला तुझ्याकडं घेऊन आलो. तू पाय धरलास, हिसका दिलास. कट्ट! काय बोललास?

पोपट : बोललो, बसलं हाड.

काळुराम : आठ वेळा बसवलंस! एकच गुडघा, आठ वेळा!

पोपट : आवाज तर तुम्हीपण ऐकलात ना?

काळुराम : ऐकला. खूश होऊन तुला कोंबडा दिला! काल ठाण्याची डॉक्टरीण एमआरआय बघून बोलली, हाड कधी हललंच नव्हतं. गुडघ्यात गादी असते, चंद्रकोरीसारखी. हिची जन्मापासून अख्खी भाकरी. ती अडकते, सटकते, तोच तुझा कट्ट. आजार बोंबलत होता रे, आणि आपण माना डोलवत होतो! आता फाटलीय ती गादी.

पोपट : आयला... मग पाय?

काळुराम : पायाला काय नाय होत. दोन बारीक भोकं पाडून दुर्बीण घालणार, मधलं कापून कोर करणार, फाटलेलं शिवणार. उद्या सकाळी.

पोपट : मग बरी होईल की पोरगी. माझ्यावर कशाला भडकता?

काळुराम : ती जायला तयार नाय! बोलते, नाटकाला कुठं ऑपरेशन असतं काय?

पोपट : असं बोलली?

काळुराम : नवव्यांदा दुखतंय बोलली, तवा सगळ्या संघासमोर तिला नाटकी कोण बोललं?

पोपट : मी. आणि तुम्ही हसलात, काका.

काळुराम : हसलो. म्हणून तर माझ्याकडं बघत नाय. कडी लावून बसलीय कालपासून.

पोपट : मग मी कुठल्या तोंडानं येऊ?

काळुराम : ज्यानं नाटकी बोललास त्यानंच. चल, संघातल्या पोरींनापण घे. सगळ्यांसमोर तिला एवढंच सांग, तिचं खरंच दुखत होतं.