घाई कुणालाच नाही

मेधा: झाला का तुझा कॉल? पोहे पार गार झालेत.

रुचिर: झाला. सॉरी आई. तिकडे वॉशिंग्टनला शुक्रवारची संध्याकाळ आहे ना, वीकेंडच्या आधी सगळ्यांना सगळं ठरवून हवं असतं.

मेधा: आणि इथे सिंगापुरात शनिवारची सकाळ आहे आणि तू सुट्टीवर आलायस म्हणे. बाबा तुझ्यासाठी थांबून थांबून शेवटी एकटेच गेले खाली पोहायला. दुपारी श्रिया येतेय सेंगकांगहून जेवायला, तेव्हा तरी तो लॅपटॉप मिट. धाकटी बहीण आहे, तुझं तोंड बघायला येतेय, पाठ नाही.

रुचिर: इलेक्शन इयर आहे गं. त्यात हा शटडाउन. आमच्या ऑफिसात कुणीही झोपत नाहीये.

मेधा: सरकार बंद पडलंय. तुम्ही कसले जागे?

रुचिर: तेच तर आमचं काम. सरकार बंद पडलं की लोक पहिलं विचारतात, कुणी पाडलं? ते उत्तर आधी कोण डोक्यात बसवतो त्याच्यावर सीट फिरतात. रोज पोल घ्यायचा, आणि आमच्या खासदारांना सांगायचं, आज हे बोला, ते बोलू नका.

मेधा: मग? कुणी पाडलं?

रुचिर: समोरच्या पक्षाने. बजेट त्यांनीच अडवलं.

मेधा: आणि त्यांच्याकडे तुझ्यासारखा कुणी बसला असेल, तो काय सांगतो?

रुचिर: की आम्ही अडवलं.

मेधा: लिंबू घे. शेव नाहीये, टेक्का मार्केटला जायचं त्राण नव्हतं काल. न्यू जर्सीत जन्मलास म्हणून तो पासपोर्ट मिळाला बघ तुला. नाहीतर तूही श्रियासारखा इथेच कुठेतरी फ्लॅट घेऊन सुखात राहिला असतास.

रुचिर: आई, सकाळी सकाळी नको ना लेक्चर.

मेधा: लेक्चर कुठलं! काल तिकडून अनघाताईचा फोन आला होता. तू अंघोळीला गेला होतास. "रुचिरला विचार गं, कधी उघडणार?" रोज विचारते. तिला वाटतं किल्ली तुझ्याच खिशात आहे.

रुचिर: मावशीला मी सांगितलंय, मी फक्त आकडे बघतो.

मेधा: तिला आकडे-बिकडे कळत नाहीत. तू कॉलेजात असताना दर शुक्रवारी भावोजी गाडी हाकत तुझ्या हॉस्टेलवर यायचे, रविवारी परत सोडायचे, डब्यासकट. तिला एवढंच कळतं की आपला रुचिर आत आहे.

रुचिर: काकांचं नक्की काय झालंय? बाबा म्हणाले, ट्रीटमेंट पुढे ढकलली.

मेधा: म्हणजे तुला धड माहीतही नाही? कमाल आहे तुझी. केमोचे दोन्ही प्रकार करून झाले, गाठी काही हटत नाहीत. हे ट्रायलचं औषध तेवढं उरलंय. सरकारी हॉस्पिटल आहे ते. सगळ्या तपासण्या झाल्या, नंबर लागला, बॅग भरली, आणि फोन आला की शटडाउन संपेपर्यंत नवीन पेशंट घेत नाही. आत आहेत त्यांचं चालू, बाहेरचे बाहेर.

रुचिर: ओह.

मेधा: हो. ओह.

रुचिर: आई... मावशी बोलेल का यावर? कॅमेऱ्यासमोर? दीड मिनिट फक्त. आम्ही असेच लोक शोधतोय. पगार थांबलेले झाले, एअरपोर्टवाले झाले. पेशंट मिळत नव्हता.

मेधा: मिळत नव्हता!

रुचिर: तसं नाही गं म्हणायचं मला. प्रेशर येईल त्यांच्यावर.

मेधा: आणि मग उघडेल?

रुचिर: प्रेशर येईल.

मेधा: मघाशी कॉलवर काय म्हणालास? मी कांदा चिरत होते, कान उघडे होते माझे.

रुचिर: काय म्हणालो?

मेधा: "लेट इट रन" म्हणालास. चालू द्या. घाई करू नका, अजून थोडं ताणलं तर नोव्हेंबरात फायदा आपलाच आहे. कॉफी प्यायला जाऊ या म्हणावं इतक्या सहज म्हणालास.

रुचिर: ती स्ट्रॅटेजी असते आई. समोरचेही हेच करतात. ते तर आमच्यापेक्षा बेशरम आहेत.

मेधा: असतील. मी कुठे त्यांची वकिली करतेय?

रुचिर: तुला इथे बसून नाही कळणार ते. इथे निवडणूक म्हणजे दोन आठवड्यांत सगळं आटोपतं, आणि सोमवारी बस वेळेवर येते.

मेधा: बरं, नाही कळत मला. दमलेय मी, रुचिर. ताई रडत असती ना तर बरं झालं असतं. ती हसत हसत विचारते, आणि मी रोज सांगते, रुचिर बघतोय हो, रुचिरचं लक्ष आहे. आज तुझा तो कॉल ऐकला आणि हातातली सुरी खाली ठेवली मी.

(फोन वाजतो. मेधा स्पीकर लावून ओट्यावर ठेवते.)

अनघा: मेधा, लेकाला काही खायला घातलंस का नाही? आमची जेवणं झाली आत्ताच. यांनी आख्खी पोळी खाल्ली, म्हटलं दिवाळीच आली घरात!

मेधा: तो इथेच आहे, ताई. ऐकतोय.

अनघा: अरे वा! शहाण्या, मावशीला फोन करायला काय पैसे पडतात का?

रुचिर: सॉरी मावशी. काका कसे आहेत?

अनघा: आहेत. ती बॅग दारातच ठेवलीय अजून. हलवू देत नाहीत. "कधीही फोन येईल" म्हणतात. मी सकाळी त्यातलं टूथपेस्ट काढते आणि दात घासून झाले की परत आत ठेवते. घरात दुसरी ट्यूब आहे, पण काढली तर यांना वाटेल मी आशा सोडली.

मेधा: रुचिरला तुला काहीतरी विचारायचंय, ताई. विचार ना रे. माझ्यासमोर विचार.

रुचिर: मावशी... एक व्हिडिओ करशील का? आमच्या कॅम्पेनसाठी. काकांचं जे झालं तेच सांगायचं.

अनघा: करते की. साडी नेसू का ड्रेसच बरा? आणि बोलायचं काय?

रुचिर: जे झालं ते. आणि शेवटी, की हे त्या लोकांनी केलं.

अनघा: अगं बाई! मग वॉल्टर काय म्हणेल? शेजारचा रे आमचा. तो त्यांचा कट्टर, दारात केवढी पाटी लावलीय. पण यांना केमोला तोच नेत होता. जाताना गाडीत दोघं सरकारवरून कडाकडा भांडायचे आणि येताना आइस्क्रीम खाऊन यायचे.

रुचिर: मग राहू दे, मावशी.

अनघा: राहू दे काय? याने उघडणार आहे ना? उघडणार असेल तर वॉल्टरची समजूत मी काढीन. तू म्हणशील त्याचं नाव घेते. मला काय, कुणीही पाडलेलं असू दे. रुचिर? लाइन गेली वाटतं.

मेधा: लाइन आहे, ताई.

रुचिर: नको करूस व्हिडिओ.

अनघा: का रे? वाईट दिसते का मी?

रुचिर: त्याने उघडणार नाही. आमच्याकडेही कुणाला घाई नाहीये, मावशी. बंद राहिलं तर आमच्या सीट वाढतात. मीच सांगितलं त्यांना तसं. आत्ता, तुझा फोन यायच्या आधी.

अनघा: तू सांगितलंस?

रुचिर: हो.

अनघा: म्हणजे त्यांनाही घाई नाही, आणि तुम्हालाही नाही.

रुचिर: नाही.

मेधा: ताई, अगं...

अनघा: थांब, मेधा. बरं झालं सांगितलंस, रुचिर. रोज विचारत होते, मूर्खासारखी. आता एक कर. मला नाही जमायचं यांना सांगायला. सोफ्यावर बसलेत, बॅग दिसेल असे. तूच सांग. अहो, घ्या. रुचिर आहे.

रुचिर: मावशी, थांब ना, मावशी...

रवींद्र: हां, बोल रे राजा! कुणाची चूक ते नको सांगूस, ते दिवसभर टीव्हीवर ऐकतो. कधी निघायचं तेवढं सांग.