आतले दोरे

“सारखं डोकं दुखतंय तुझं, एकदा दाखवून ये,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिनं ते बाळाच्या जागरणावर ढकललं होतं. आज लस टोचलेलं बाळ मांडीवर घेऊन ती रुग्णालयात बसली होती. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ होते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या त्यांच्या आईला नुकतंच आत नेलं होतं.

“ताई, रक्तवाहिनी पाझरली म्हणजे काय गं?”

“तिच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. पेशींमध्ये ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोरे असतात, आणि दुसरी काही प्रथिनं ते हवे तेवढेच ताणतात. त्यातलं एखादं बिघडलं, की दोरे नको तितके आवळतात आणि पेशींमध्ये फटी पडतात.”

“हे आईकडून आपल्यात येतं?”

“येऊ शकतं. म्हणून तुझं स्कॅन आजच. कारणं नकोत.”

“आणि तुझं?”

“मला काय धाड भरलीय?”

“वर्षभर डोकं धरून बसतेस ते?”

“ते मायक्रोस्कोपमुळे रे. दिवसभर ह्याच पेशी तर बघते मी.”

“ताई...”

“बघू नंतर.”

“नंतर नाही. ऊठ, दोघांची नावं देऊ.”

तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्यांच्यामागे नावनोंदणीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तुमच्याही घरी दुखणं जागरणावर ढकलणारी कुणी असेल, तर तिला आजच विचारा, ‘दाखवलंस का?’