काकांनी वाचवलेला जीव

चूक मोठ्या काकांची होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या जुन्या पेट्रोल फोर-बाय-फोरला मी काम शिकतो त्या गॅरेजमधून गॅस किट बसवून आणलं आणि चौथ्या दिवसापासून ती दर पाच-सहा किलोमीटरवर बंद पडायला लागली. काकांनी निकाल दिला, "कालेज सोरलेल्याच्या हातात गारी दिली, आजून काय होनार? परत बंद परली तर तुजं गॅरेज बंद, कालेज चालू."

रविवारी चिरनेरला साखरपुड्याला निघालो. काका नेहमीसारखे पुढच्या सीटवर, काकी मागे. पळस्प्याला गाडी मेली. बॉनेट उघडलं, तर गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरवर चक्क बर्फ! त्याला गरम ठेवणारा रेडिएटरचा पाइप गायब, वर बुचं मारलेली.

"हा कोणी काढला?"

"मी," काका छाती काढून म्हणाले. "गॅसला गरम पानी लावतंय का कोन? सगल्यांचा जीव वाचवला."

मी टपरीवरून उकळतं पाणी आणलं आणि रिड्यूसरवर ओतलं. काका पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांत गटार ओलांडून पळाले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. ते परत आले तोवर काकी पुढे बसली होती.

"तुमी मागं बसा," ती म्हणाली. "जीव वाचवायला तितनं बरं परंल."

तेव्हापासून काका मागच्या सीटवर बसतात.