सात सह्या

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या मोठ्या बाई, सगळे शिक्षक, आणि मागच्या दाराशी चहाकडे डोळे लावून बसलेली पालकमंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी कपडे दुरुस्त करणारी बाई. चेन बदलायची, उंची कमी करायची, बटण लावायचं. शिक्षण चौथी, तीही अर्धी; सही तेवढी हाती राहिली, वाचणं विसरले. तरी पालकांतर्फे मला उभं केलंय, कारण माझी धाकटी नात यंदा दहावीला शाळेत पहिली आली. आनंदाच्या भरात काल एक पँट उलटीच शिवली. गिऱ्हाईक म्हणालं, "आजी, पहिली नात आली की तुम्ही?" म्हटलं, "दोघी! आता पँट इकडे द्या."

हसलात? बरं झालं. पुढचं हसण्यासारखं नाही.

बाई, तुमच्याबद्दल चांगलं बोला असं मला बजावलंय. बोलणार आहे. पण धाकटीच्या आधी थोरली याच शाळेत होती, हे इथे किती जणांना आठवतं? ती बघा, शेवटच्या रांगेत, चष्मा लावलेली. मुलगा-सून परगावी कामाला, म्हणून दोघी पोरी लहानपणापासून माझ्याकडे.

शाळेची तेव्हाची रीत अशी, की मुलाची तक्रार असली की चिठ्ठी लिहायची आणि त्याच मुलाच्या हाती घरी धाडायची. आमच्या घरात नीट वाचता येणारी ती एकटीच. मी विचारायची, "काय लिहिलंय गं?" ती वाचायची, "आजी, उद्यापासून गणवेशाला इस्त्री हवी." एकदा वाचलं, "आजी, तुझ्या शिवणीचं बाईंनी कौतुक केलंय." त्या चिठ्ठीवर मी आडनावासकट सही केली. खोटं कशाला बोलू?

अशा सात चिठ्ठ्या. मग शाळेत बोलावणं आलं, ते मात्र शिपायाच्या तोंडून. क्लार्कनी सातही टेबलावर मांडल्या.

"आजी, सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच."

"मुलगी गणिताच्या तासाला बसत नाही, येऊन भेटा, असं सात वेळा कळवलंय. आलात का तुम्ही?"

नववीत नाव कमी झालं. घरी येऊन पोरीला मी लाटण्याने मारलं. तेही आज सांगून टाकते.

आता ऐका. ती फळ्यावरची गणितं चुकीची उतरवायची, शाळेने शेरा दिला 'निष्काळजी', मग ती तासच चुकवायला लागली. घरी सुईत दोरा ओवायला दिला, तर सुई नाकाला टेकवायची. मी म्हणायची, कामचुकार. अर्धी गोष्ट तुमच्याकडे होती, अर्धी माझ्याकडे, आणि मधे रस्ता फक्त दहा मिनिटांचा. चाललं का कुणी?

पुढे ती इस्त्रीच्या दुकानात लागली. एका सदऱ्याची कॉलर जाळली. मालक शिव्या घालत का होईना, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "ही मुलगी तीन वर्षं अंदाजाने जगतेय." परक्या माणसाला एका जळक्या कॉलरीवरून कळलं. आपण सगळे तिची माणसं!

आता चांगलं. धाकटीच्या वेळी मोठ्या बाई स्वतः आमच्या घरी आल्या. चिंध्यांच्या गाठोड्यावर बसल्या आणि विचारलं, "आजी, ही घरी कशी असते?" बस, एवढंच. त्या दिवसापासून दर महिन्याला कधी त्या आल्या, कधी मी गेले. पोरगी पहिली आली त्यात याचा वाटा मोठा आहे. बाई, मी तुमची ऋणी आहे. पण तुम्ही एक वर्ष उशिरा आलात, हेही खरं. दर वेळी तुम्हाला चहा देताना मी ते गिळलंय.

थोरलीने मला वाचायला शिकवलं. अक्षर अक्षर लावत मी स्वतः वाचलेला पहिला कागद कोणता, माहितीये? तिचा शाळा सोडल्याचा दाखला. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'पालकांची उदासीनता'. उदासीनता म्हणजे काय, ते तिलाच विचारावं लागलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना आजी."

तिला बाहेरून दहावीला बसायचंय. फॉर्मची मुदत परवा संपते, सोबत दाखला लागतो. पण ती तो कुणाला दाखवायला तयार नाही. म्हणते, "तुझ्याबद्दल असं लिहिलेला कागद मी लोकांच्या हातात देणार नाही. नको मला दहावी."

बाई, उद्यापासून तुमची सही चालणार नाही, म्हणून आज भर सभेत बोलले. दाखला माझ्या पिशवीत आहे, पेनही आणलंय. ती ओळ बदलून द्या. मला चांगली म्हणा असं नाही मागत. 'मुलीला फळा दिसत नव्हता' एवढंच लिहा, कारण तेवढंच खरं आहे.

बोलायला दिलंत, सगळ्यांचे आभार. अडाणी बाई आहे, निरोपाच्या दिवशी नको ते बोलले असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. चहा होऊ द्या सावकाश. मी इथेच, या पायरीशी उभी आहे. न वाचता सात सह्या मी केल्या, बाई. एक तुम्ही करा, वाचून.