माचाण बांधलं मी, ढोलही वाजवला मीच

आमचं गाव चिपळूणच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला वाडी, आणि वाडीत तवा कुणालाही विचारलं, जाखडीचा मृदंग कुणाच्या घरी, तर आमच्याच घराकडं बोट दाखवायचे. जाखडी म्हंजे आमचा गणपतीतला नाच, एका पायात चाळ बांधून गडी गोल फिरतात आणि मृदंगवाला मधी बसतो, तो मधला मानूस म्हंजे माझा बापूस, आणि त्याच्या मागं मी. हात माझा तयारच व्हता, खोटं कशाला बोलू, पंचक्रोशीत माझ्यासारखी चाल वाढवणारा दुसरा नाय.

मंग गेलो आखातात, दुबईच्या पलीकडं फुजैऱ्याला. तेलाच्या टाक्या बांधायचं काम, कंपनी जपान्यांची, मी स्कॅफोल्डिंगवाला, म्हंजे पाइप जोडून माचाण उभं करायचं. आमचं माचाण कधी हललं नाय. पण एकदा वरनं पाइप सुटला आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. कंपनीनं दवापाणी सगळं केलं, कामाला मी परत उभा राहिलो, काम काय अडलं नाय. पण मृदंगाला बोटं लागतात हो. बापसाला काय सांगू? वाडीतल्या दुकानात फोन करायचा तर तो धापा टाकत यायचा आणि पयलं वाक्य त्याचं, राजाराम, यंदा ये, मला आता बसवत नाय, मृदंग तुझ्या हातात देतो आणि मोकळा होतो. मी म्हणायचो, बाबा, लिव नाय मिळत. रजा मिळत व्हती, मीच मागत नव्हतो. तीन गणपती असे घालवले.

आमचा साहेब मोरीसान, साठीच्या घरातला, तोडकं हिंदी बोलायचा. साइटवर दिवसभर त्याचं एकच, स्लो, स्लो, जल्दी नहीं. एक दिवस मला म्हणाला, राजाराम, ढोल ठेवायला माचाण पायजे, आमचा सण हाय. मी विचारलं, कसला सण? तर म्हणाला, आमचे मेलेले आईबाप ह्या सणाला घरी भेटायला येतात, त्यांच्यासाठी आम्ही गोल नाचतो. म्हंजे आपला पितृपंधरवडाच की, पण आपण पितरांना जेवायला घालतो आणि कावळ्याची वाट बघत बसतो, हे नाचून दाखवतात, मला ते लई आवडलं. त्यांच्याकडं हा सण उन्हाळ्यातला, पण फुजैऱ्याच्या उन्हाळ्यात नाचलं तर नाचणारेच पितर होतील, म्हणून ह्यांनी थंडीत ठेवला.

माचाण असं बांधलं की हत्ती चढवा. संध्याकाळी मोरीसान म्हणाला, तुम्ही सगळे पाहुणे, या. आम्ही कोकणातले आठ-धा जण इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. कागदाचे लाल कंदील टांगलेले, बाया सुती झग्यात, पायात लाकडी चपला, टेपवर गाणं लावलेलं, वर ढोल, आणि खाली गोल फिरतायत, दोन पावलं पुढं, एक मागं, टाळी. अहो, मी बघतच राहिलो! आमची जाखडीच, फक्त झोपेतली.

वरचा ढोलवाला दमून पाणी प्यायला उतरला. मोरीसान म्हणाला, कुणीबी वाजवा. आमच्याच वाडीतला सुऱ्या ओरडला, राजाराम, चढ की, भितोस काय? मी खिशातला हात खिशातच ठेवला. सुऱ्या म्हणाला, अरे येड्या, त्याला काठ्या हायत, बोटं कशाला पायजेत? चढलो. अंगठा, तर्जनी आणि करंगळीत काठी धरली, पयली थाप मारली, दुसरी मारली. काठी सुटली नाय हो! सुटली नाय!

पण आमच्या हाताला एकच सवय, चाल धरली की वाढवायची. मी काय थांबतोय? टेप मागं राहिला, मी पुढं निघालो. खाली बायांची तारांबळ, झगा अरुंद, पाऊल पडेना, एकीची चप्पल उडाली, दुसरी पोट धरून हसतेय. मोरीसान टेपकडं गेला. म्हटलं, मेलो, आता म्हणणार स्लो, स्लो. त्यानं टेपच बंद केला, माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले आणि ओरडला, यल्ला, राजाराम, यल्ला! यल्ला म्हंजे अरबीत चल, होऊन जाऊ दे. मंग काय, आमची पोरं रिंगणात घुसली, जाखडी सुरू. कुणाचे पितर कुठले, काय कळंना.

दुसऱ्याच दिवशी शिमग्याची लिव मागितली. मोरीसाननं सही केली आणि त्या काठ्या माझ्या बॅगेत घातल्या.

घरी पोचलो तर बापूस पडवीत, मृदंग चादरीत गुंडाळून पुढ्यात ठेवलेला. मी हात पुढं केला. त्यानं तो हातात घेतला, उरलेली बोटं चाचपली, लई वेळ. डोळ्यांतनं पाणी आलं त्याच्या, माझ्याबी आलं, लपवायचं काय त्यात. मंग म्हणाला, मेल्या, ह्याच्यासाठी तीन गणपती मला वाट बघायला लावलीस? मृदंगाला बोटं लागतात, ढोलाला मनगट. शिमग्याची पालखी यायची हाय, ऊठ.

उठलो तो आजवर. मृदंग सुऱ्याच्या घरी दिला, बापसानंच दिला, डोळे मिटायच्या आधी. पालखीचा ढोल माझा. दरवर्षी पालखी आमच्या अंगणात आली की लोक ओरडतात, राजाराम, जरा हळू! मी हळू करत नाय. मोरीसान बरा असो, कुठंबी असो. आणि बापूस येत असंल भेटायला, तर त्याला लांबनंच कळायला पायजे, वाजवतोय कोण.